हळदीकुंकवाला न बोलावलेल्या बाया

साहेबांनी तिळाच्या लाडवाचा तुकडा तोंडात टाकला आणि मॅडमना विचारलं, “बायका भरपूर जमल्यात. तपासणार कधी?”

दवाखान्याचा हॉल भरला होता. जिन्यावरही बायका बसल्या होत्या. काठापदराच्या साड्या, केसांत गजरे, हातात स्टीलची वाटी. ही वाटी म्हणजे आम्ही दिलेलं संक्रांतीचं वाण. आतल्या खोलीत तपासणीचं टेबल मी सकाळीच पुसून वर धुतलेली चादर घातली होती. त्या चादरीला अजून एक सुरकुती पडली नव्हती.

मी महापालिकेच्या दवाखान्यात आया होते. दवाखान्यात आयाला मावशी म्हणतात. डॉक्टरही मावशी म्हणतात आणि माझ्यापेक्षा वयाने मोठे पेशंटही मावशी म्हणतात. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. पुण्याच्या पूर्वेला, खराडीच्या बाजूला, एका जुन्या गावठाणात तो होता. पुढे काचेच्या आयटी कंपन्या, मागे आमची वस्ती. त्या काचांच्या आत झाडूफरशी करायला वस्तीतल्याच बाया जायच्या.

आमच्याकडे दर गुरुवारी बायकांची एक खास ओपीडी चालायची. सरकारने त्यासाठी वेगळा पैसा दिला होता. तीस वर्षांवरच्या बाईची गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी, फुकट. पिशवीच्या तोंडाला कॅन्सर एका रात्रीत होत नाही. आधी बरीच वर्षं तिथली त्वचा हळूहळू बिघडत जाते. तेव्हाच सापडलं तर उपचार सोपा असतो. तपासणीही साधी. बाई टेबलावर निजते. डॉक्टर स्पेक्युलम घालतात, म्हणजे बदकाच्या चोचीसारखं दिसणारं एक उपकरण. पिशवीच्या तोंडाला पातळ व्हिनेगर लावतात आणि थोडं थांबतात. बिघाड असला तर तिथे पांढरा डाग उमटतो. नसला तर बाई उठते आणि घरी जाऊन भाकऱ्या थापते.

दातार मॅडम या ओपीडीच्या डॉक्टर. कोथरूडहून स्कूटरवर यायच्या, पार शहर ओलांडून. त्या कायम नोकरीत नव्हत्या, कंत्राटावर होत्या. त्यांचा पगार, टेबलावरचा दिवा, औषधं, सगळं त्या योजनेतून. पण बायका येत नव्हत्या. आल्या तर कॉपर-टीसाठी यायच्या, बाळाच्या डोससाठी यायच्या. तपासणीचं नाव काढलं की “पुढच्या गुरुवारी बघू” म्हणून उठायच्या.

आमच्या शिंदे सिस्टरना मग एक कल्पना सुचली. संक्रांत झाली होती, रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकू चालू असतं. दवाखान्यातच हळदीकुंकू ठेवायचं. बायका येतील, आल्या की तपासू. मॅडमना कल्पना आवडली. मलाही आवडली. बोलावणं करायला मी आणि सिस्टर दारोदार फिरलो. बायका आल्यासुद्धा. पण सणाला नटून आलेली बाई टेबलावर कशी चढणार, हे आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

सिस्टरनी माईक घेऊन सगळं समजावलं. एक जण हसून म्हणाली, “अहो सिस्टर, पैठणी नेसून तिथं निजायचं? घरी जाऊन सांगू काय?” दुसरी म्हणाली, “सणासुदीचं असलं काही अंगाला लावून घेऊ नये.” एवढं बोलून दोघींनी लाडू पदरात बांधले. मागोमाग हॉल रिकामा झाला.

साहेब हे सगळं बघत होते. आरोग्य खात्याकडून योजनेवर देखरेख करायला ते यायचे. वरच्या आवाजात कधी बोलायचे नाहीत. त्याची त्यांना गरजच पडायची नाही.

“वाटी चांगली आहे,” ते म्हणाले. “एक सरकारलाही द्या. म्हणजे सरकारला निदान काहीतरी मिळालं असं होईल.”

मॅडम म्हणाल्या, “वाट्या आम्ही वर्गणी काढून आणल्यात, सर. योजनेतला एक पैसा लावलेला नाही.”

“तेच म्हणतोय. योजनेतला एक पैसा लागतच नाहीये. मार्चअखेर जवळ आली, मॅडम. इथे लागत नसेल तर ही ओपीडी एप्रिलपासून दुसऱ्या दवाखान्याला जाईल. माझा नाइलाज आहे.”

सरकारी पैशाचं गणित मॅडमनी मला एकदा समजावलं होतं. घरात आपण डाळीच्या डब्यात, तांदळाच्या डब्यात पैसे लपवतो तसे सरकारचेही डबे असतात. त्यांना हेड म्हणतात. डाळीच्या डब्यातले पैसे तांदळाला वापरायचे नाहीत. आणि मार्च संपेपर्यंत वापरले नाहीत तर डबाच परत जातो. वर असं धरतात की या बाईला डाळ लागतच नाही. याला लॅप्स होणं म्हणतात.

आमची ओपीडी गेली असती तर वस्तीतल्या बायकांना तपासणीसाठी शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात जावं लागलं असतं. दोन बस, दिवसभराची रांग, त्या दिवसाचा खाडा. म्हणजे कोणीच गेलं नसतं. हे सांगायला आकडे लागत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्याचं गेट उघडत होते. गेटजवळ हौसाबाई भाजी मांडून बसायची. तिचा नवरा ट्रकवर होता, अपघातात गेला. दोन पोरी तिने भाजीवर वाढवल्या. जीभ विळ्यासारखी.

“काय इंदूताई, वाटी मिळाली का?” तिने विचारलं.

“मला कशी मिळेल?” मी म्हणाले. मीही विधवाच. हळदीकुंकवाच्या वेळी मी नेहमीसारखी मागे चहाकडे गेले होते. कोणी मला जा म्हणालं नव्हतं. पाय आपोआप तिकडे वळले.

“मग मला तरी कशी मिळंल? माझ्या शेजारणीला बोलावणं आलं, पलीकडच्या घरी आलं. माझं दार मधलं. माझ्या दाराला काय कावीळ झालती?”

“अगं, हळदीकुंकू होतं ते.”

“आन तपासणी? ती कपाळाची व्हती का पिशवीची?”

हौसाबाई मेथीची जुडी झटकत राहिली. मग आवाज उतरवून म्हणाली, “माझं काही महिनं झालं बिघडलंय. मधीच जातंय अंगावरनं. थांबतंय, पुन्हा जातंय.”

“मग आत चल. मॅडम आहेत आज, मीटिंगला आल्यात. मी सांगते त्यांना.”

“वेडी का काय! वर पाटी वाच की तुमची. कुटुंब नियोजन. नवरा जाऊन इतकी वर्सं झाली, आन मी त्या दारातनं आत गेले, तर सांजच्याला गावठाणात बोंब हुईल. हौसी पिशवी साफ करून आली म्हणतील. माझ्या पोरींची लग्नं व्हायचीत.”

आमच्या वस्तीत विधवा म्हणजे म्हाताऱ्या असं नाही. कोणाचा नवरा दारूने गेलेला, कोणाचा रस्त्यावर, कोणाचा बांधकामावरून पडून. तिशी-चाळिशीतल्या बाया. तपासणी ज्या वयाच्या बायकांसाठी होती, त्याच वयाच्या.

मी आत जाऊन मॅडमना सांगितलं. मला बोलायला वेळ लागतो. मॅडम थांबून ऐकायच्या, हा त्यांचा गुण. शिंदे सिस्टरही तिथेच होत्या.

सिस्टर म्हणाल्या, “अहो, पण हळदीकुंकू सवाष्णींचंच असतं. त्यात आपलं काय चुकलं?”

“हळदीकुंकवात नाही चुकलं,” मॅडम म्हणाल्या. “तपासणीला हळदीकुंकू चिकटवलं, ते चुकलं. आणि मी डॉक्टर असून मला ते दिसलं नाही. मावशी माझ्यासमोरून चहाकडे गेल्या तेव्हाही नाही.”

सिस्टर म्हणजे कामाचा माणूस. पुढच्या गुरुवारच्या आत त्यांनी फ्लेक्स करून आणला आणि दारावर लावला. ‘विधवा महिलांसाठी विशेष मोफत तपासणी’. अक्षरं चांगली ठसठशीत, रस्त्यावरून वाचता येतील अशी.

त्या गुरुवारी तपासणीला एकही बाई आली नाही. बाळाला डोस द्यायला येणाऱ्या बायकासुद्धा फ्लेक्सकडे बघून मागच्या दाराने आल्या.

दुपारी हौसाबाईने मला हाक मारली. “सिस्टरला म्हणावं पाटी दारावर कशाला? एकेकीच्या गळ्यात अडकवा. म्हणजे वळखायला सोपं.”

मी हे जसंच्या तसं मॅडमना सांगितलं. मॅडम हसल्या नाहीत. बाहेर गेल्या, स्टुलावर चढल्या आणि स्वतःच्या हाताने फ्लेक्स उतरवला. मग गेटपाशी जाऊन हौसाबाईच्या समोर उकिडव्या बसल्या. रस्त्यावर, साडी मळेल याचा विचार न करता.

“हौसाबाई, आपण सांगा. मी काय करू?”

“टमाटे घ्या, ताजे हायेत,” हौसाबाई म्हणाली.

मॅडमनी टोमॅटो घेतले. हौसाबाईने वजन करता करता इकडेतिकडे बघितलं. मग म्हणाली, “बाई एकटी गेली तर बोभाटा हुतो. मंडळ गेलं तर कार्यक्रम हुतो.”

“कुठलं मंडळ?”

“आमचं भजनी मंडळ. एकादशीला दुपारी मारुतीच्या देवळात बसतो. निम्म्या माझ्यासारख्याच हायती. तिथं कुणाला बोलावणं लागत न्हाई. मंडळ सगळं मिळून दवाखान्यात आलं, तर कोण कुणाचं नाव घेणार? आन आत आधी काय ते बीपी-शुगर बघा. म्हणजे घरी सांगाय येतंय, बीपी बघाय गेलतो.”

“बीपी आणि शुगरचा आपला दुसरा हेड आहेच,” मॅडम म्हणाल्या. “सामान पडून आहे. त्या गुरुवारी दोन्ही एकत्र ठेवू. पुढच्या हॉलमध्ये बीपी, आतल्या खोलीत तपासणी. बाहेरून बघणाऱ्याला कोण कशाला आलंय ते कळणार नाही.” मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. “मंडळात कोण बोलणार?”

हौसाबाई म्हणाली, “ही. तुम्ही न्हाई यायचं, डॉक्टर. तुम्ही आलात की बाया नुसती मान हलवत्यात.”

चार माणसांत मी आजवर बोलले नव्हते. नात्यातल्या लग्नातसुद्धा मी स्वयंपाकघरातच सापडते. एकादशीला देवळात जाऊन मी मागे खांबाला टेकून बसले. भजन संपलं. हौसाबाईने टाळ खाली ठेवले आणि म्हणाली, “इंदूताईला काय सांगायचंय.” सगळ्या वळल्या.

मी वर न बघता सांगायला लागले. टेबल कसं असतं. पडदा कसा ओढतात. खोलीत फक्त मॅडम आणि मी, पुरुष माणूस कोणी नाही. व्हिनेगर म्हणजे काय. डाग म्हणजे काय. हे काम माझं रोजचं होतं, त्यामुळे सांगायला लागल्यावर सांगता आलं.

एक थोराड बाई म्हणाली, “सांगायला काय जातंय. तू स्वतः केलीस का?”

“केली. ओपीडी सुरू झाली त्याच आठवड्यात. मॅडम म्हणाल्या, ट्रे धरणारीला आधी कळलं पाहिजे टेबलावर कसं वाटतं.”

“मग कसं वाटतं?”

“लाज वाटते. दुखत नाही. तो स्पेक्युलम गार लागतो. म्हणून मी तो कोमट पाण्यात ठेवते आणि मगच मॅडमच्या हातात देते.”

“आन आम्हाला नवराच न्हाई. आम्हाला कशापायी होतंय ते?”

“नवरा गेला तरी पिशवी तर आपल्यापाशीच राहिली ना,” मी म्हणाले.

मागे कोणीतरी खुदकन हसलं. मग सगळ्याच हसल्या. त्या थोराड बाईनेही तोंडाला पदर लावला. हौसाबाई म्हणाली, “ठरलं तर. गुरुवारी. रोजच्या लुगड्यात यायचं, नटून यायचं न्हाई.”

गुरुवारी मंडळ आलं. पिशव्यांत टाळ होते, कारण घरी भजनाला जातो असं काहींनी सांगितलं होतं. सिस्टरनी हॉलमध्ये बीपीचं टेबल मांडलं आणि एकेकीला नावाने, अहोजाहो करून बोलावलं. बीपी झालं की शुगर, शुगर झाली की ज्यांचं वय बसतंय त्यांनी आत. सगळं एका रांगेत. कोण आत गेली आणि कोण मागच्या दाराने बाहेर पडली, याचा पत्ता बाकावरच्या बायकांनाही लागत नव्हता.

आत व्हिनेगरचा वास सुटला होता. एक जण म्हणाली, “अगं बाई, लोणच्याच्या बरणीत आल्यासारखं वाटतंय.” मॅडम म्हणाल्या, “मुरायला वेळ देत नाही, लगेच सोडते.” त्या दिवशी माझे हात रिकामे राहिले नाहीत. वापरलेली उपकरणं जंतू मारायच्या पाण्यात बुडवायची, मग धुवायची, मग ऑटोक्लेव्हमध्ये लावायची. ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा कुकरच. नव्या बाईसाठी कोमट केलेला स्पेक्युलम तयार ठेवायचा. चादर बदलायची. ते टेबल असं वापरात बघून मला बरं वाटत होतं.

हौसाबाई मुद्दाम शेवटी आली. टेबलावर चढताना म्हणाली, “भाजीवर पोरीला बसवलीय. लवकर उरका, उधारीवर वाटंल सगळी.”

मॅडमनी व्हिनेगर लावलं. थांबल्या. मग म्हणाल्या, “मावशी, दिवा थोडा खाली घ्या.” मी घेतला. “अजून थोडा.” त्यांचा आवाज रोजचाच होता. पण दुसऱ्यांदा दिवा खाली घ्यायला त्या सांगत नसत. मी हौसाबाईच्या डोक्याशी जाऊन उभी राहिले.

“काय दिसलं?” हौसाबाईने छताकडे बघत विचारलं.

“डाग दिसतोय,” मॅडम म्हणाल्या. “डाग म्हणजे कॅन्सरच असं नाही. पण आपल्याला रक्तस्राव आहे, म्हणून मी थांबणार नाही. मोठ्या हॉस्पिटलात छोटा तुकडा काढून तपासायचा. त्याला बायोप्सी म्हणतात. चिठ्ठी देते, तिथल्या डॉक्टरांशी फोनवर बोलते, आणि मावशी आपल्यासोबत येतील.”

“आन भाजी?”

“हौसे,” मी पहिल्यांदाच तिला अशी हाक मारली, “भाजी मंडळ विकेल.”

आणि मंडळाने विकली. टाळ वाजवणाऱ्या बाया पाळीपाळीने गेटपाशी बसल्या. हौसाबाई परत आल्यावर पहिलं हेच म्हणाली, की एकीलाही कोथिंबिरीचा भाव कळत नाही. तिच्या तुकड्यात कॅन्सर निघाला, पण अगदी सुरुवातीचा. ऑपरेशन करून पिशवी काढली. मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेवर आलात. हौसाबाई त्यांना म्हणाली, “वेळंवर न्हाई, मंडळाबरूबर आले.”

भजनी मंडळातल्या निम्म्या बाया सासवा होत्या. त्यांनी घरी जाऊन सुनांना सांगितलं, आम्ही जाऊन आलो, तुम्हाला काय धाड भरलीय? पुढच्या गुरुवारी सुना आल्या. संक्रांतीला वाटी घेऊन गेलेल्या सवाष्णीही आल्या. सिस्टर म्हणाल्या, “मी माईकवरून घसा फोडला. सासू एकदा बोलली, झालं काम.”

मार्च संपायच्या आत साहेब पुन्हा आले. बाकावर जागा नव्हती. साहेबांनाच उभं राहावं लागलं.

“या वेळी वाण काय देताय, मॅडम?”

“बीपी, सर.”

साहेबांनी रांग बघितली, आतल्या खोलीचा ओढलेला पडदा बघितला. “तुमचंही बघून घ्या,” मॅडम म्हणाल्या. साहेबांनी बाही वर केली. सिस्टरनी त्यांचं बीपी घेतलं. वाढलेलं निघालं. ते गोळ्यांचं नाव लिहून घेत असतानाच म्हणाले, “ओपीडी इथेच राहील. मी तसं कळवतो.” मॅडमचं कंत्राटही पुढे चालू झालं.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण पुढच्या पौषात वरून एक परिपत्रक आलं. परिपत्रक म्हणजे सगळ्या दवाखान्यांना एकदम आलेला हुकूम. मॅडमनी तो मोठ्याने वाचला. मागील वर्षी एका केंद्रात हळदीकुंकू कार्यक्रमानंतर तपासणीस उत्तम प्रतिसाद मिळाल्याचे दिसून आले असल्याने, सर्व केंद्रांनी यंदा हळदीकुंकू आयोजित करावे. त्यासाठी स्वतंत्र हेड मंजूर करण्यात येत आहे.

सिस्टर ताठ बसल्या. “म्हणजे माझीच कल्पना की.”

“अर्थातच आपलीच,” मॅडम म्हणाल्या.

मी विचारलं, “त्यांना खरं काय ते कळवायचं ना?”

मॅडमनी कळवलं. दोनदा कळवलं. उत्तर आलं नाही, पैसे मात्र आले. आम्ही ते एकादशीच्या दुपारी दवाखान्याच्या हॉलमध्ये भजन ठेवून चहा-चिवड्यावर खर्च केले. फलकावर सिस्टरनी ‘महिला मेळावा’ एवढंच लिहिलं. आणि त्या वेळी बोलावणं करायला माझ्याबरोबर हौसाबाई आली, त्यामुळे मधलं एकही दार सुटलं नाही.

पुढे मी रिटायर झाले. अजूनही कोणी नवीन सिस्टर नाहीतर आशाताई विचारायला येतात, की फुकट असून बायका का येत नाहीत. मी त्यांना सांगते, सरकार टेबल देतं, दिवा देतं, डॉक्टर देतं, आणि ते सगळं खरंच चांगलं असतं. पण कोणाला काय म्हणून बोलवायचं, याचा हेड सरकारकडे नसतो. तेवढं आपल्या पायांनी फिरून शोधावं लागतं.